उसन्या श्वासाचा फोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे, पण माझ्यासारखा दुसरा तुम्ही कुठे पाहिला असण्याची शक्यता नाही. मी दुकानात कधी गेलो नाही, माझी जाहिरात कधी लागली नाही. समोरून पाहाल तर मी साधाच आहे. काच आहे, नंबर लावता येतो, पलीकडचा आवाज ऐकू येतो. पण मला उलटे करून पाहा. माझी पाठ करड्या, मऊ रबराची आहे. ती सावकाश वर येते, क्षणभर थांबते आणि खाली जाते. झोपलेल्या मांजराची कूस हलते ना, अगदी तशी.

पाठीखाली हवेची एक चपटी पिशवी आहे. तिच्याशेजारी शेंगदाण्याएवढी मोटर आणि नखाएवढी झडप आहे. मोटर हवा भरते, झडप ती सोडते. एवढेच. पण हाताला आतली मोटर दिसत नाही. हाताला वाटते, की आपण काहीतरी जिवंत धरले आहे.

मला पाहून तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल तोच सगळ्यांच्या मनात येत असे. याचा उपयोग काय? माझ्या आयुष्यात जे बरे-वाईट घडले ते या प्रश्नामुळे घडले. खरे सांगायचे तर प्रश्नामुळे कमी आणि त्याला दिलेल्या उत्तरामुळे जास्त.

फोन बनवणाऱ्या एका कंपनीच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. पुढच्या इमारतीत विकायचे फोन तयार होत. मागच्या खोलीत फक्त प्रयोग चालत. तिथे एक लांब टेबल होते. त्यावर सुरीच्या चऱ्यांनी भरलेली हिरवी चटई, भिंग बसवलेला दिवा आणि बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून तळाला लोहचुंबक चिकटवलेली बशी. खिडकीत रिकामी खोकी इतकी रचलेली होती, की बाहेर ऊन आहे की पाऊस हे विचारून घ्यावे लागे.

मला घडवणाऱ्या अभियंता बाईंना सगळे ताई म्हणत. त्या कमी बोलत, आणि बोलण्याआधी चष्मा पुसत. त्यांच्याबरोबर काम करणारे गृहस्थ सर्किटवर वितळलेल्या धातूचा प्रत्येक टाका घातला की त्यावर फुंकर घालत, म्हणून त्यांचे नावच फुंकर पडले होते. फुंकर घातली की टाका कच्चा राहू शकतो, हे ताई त्यांना कित्येक वर्षे सांगत होत्या. ते मान हलवत आणि फुंकर घालत.

एकदा ताईंनी चष्मा पुसला आणि विचारले, "हातातली वस्तू श्वास घ्यायला लागली, तर हात तिला कसा धरेल?"

फुंकर हातातले काम ठेवून त्यांच्याकडे पाहतच राहिले. "आणि कळलं कसा धरेल ते, तर पुढे काय करायचं त्याचं?"

"माहीत नाही."

"बरंय. म्हणजे पगार घेऊन खेळायचं."

"खेळायचं नाही हो. बघायचं."

"तेच ते. बघू द्या, मोटर केवढी हवी?"

असे माझे काम सुरू झाले. पहिली पाठ फाटली. दुसरी फुगली ती बसायलाच तयार होईना. मोटर कानाशी डास आल्यासारखी गुणगुणे, तेव्हा तिला स्पंजाच्या तुकड्यात गुंडाळले. मग प्रश्न आला, की मी श्वास घ्यायचा तो कोणत्या लयीत? नुसते ठरावीक अंतराने वर-खाली झालो, तर ते यंत्रासारखे लागे. शेवटी ताईंनी स्वतःच्याच छातीभोवती ताण मोजणारा पट्टा बांधला आणि त्या खुर्चीत शांत बसल्या.

"ताई, मोजताहेत म्हणून शहाण्यासारखा श्वास घेऊ नका," फुंकर म्हणाले. "घरी घेता तसा घ्या."

"घरी मी श्वास घेते याकडे कुणाचं लक्ष असतं?"

"म्हणूनच तो खरा असतो."

दोघे हसले, आणि त्या हसण्याचा तुकडा काढून टाकून बाकीची नोंद माझ्यात भरली गेली. लक्षात ठेवा, मित्रांनो. माझा श्वास उसना आहे. तो एका निरोगी, खुर्चीत निवांत बसलेल्या बाईचा आहे. तेव्हा त्यात काही चुकीचे नव्हते. ताईंना फक्त हात पाहायचा होता.

आणि हातांनी त्यांना खूप काही दाखवले. मला घेतले, की माणसांची पकड सैल होई. एरवी फोन टेबलावर टाकणारी माणसे मला दोन्ही हातांनी ठेवत. हिशेब विभागातले एक गृहस्थ फोनवर नेहमी भांडल्यासारखे बोलत. माझ्यावरून बोलताना त्यांचा आवाज उतरला, आणि पलीकडून त्यांच्या बायकोने घाबरून विचारले, "बरं नाहीये का तुम्हाला?" खोलीत हशा पिकला. पुढच्या इमारतीतून लोक मुद्दाम मला हातात घ्यायला येऊ लागले. माझे कौतुक झाले. मला वाटले, माझे सारे आयुष्य आता असेच जाणार.

पण त्या कंपनीत एक रीत होती. वर्षातून एकदा संचालक बाई प्रत्येक प्रयोगासमोर उभ्या राहत आणि एकच प्रश्न विचारत, "हे कशासाठी?" समाधानकारक उत्तर आले तर प्रयोग पुढे चाले. नाही आले तर ती वस्तू सुट्या भागांच्या खोलीत जाई. तिथे तिचे स्क्रू काढत, बॅटरी वेगळी करत आणि बाकीचे यंत्रात घालून चुरा करत. संचालक बाई कठोर नव्हत्या. त्यांच्याकडे टेबले थोडी होती आणि ती मागणारे पुष्कळ होते.

त्या माझ्यासमोर आल्या. त्यांनी मला उचलले आणि त्यांचाही अंगठा माझ्या पाठीवर हळूच फिरला. मग त्यांनी मला ठेवले.

"छान आहे. हे कशासाठी?"

ताईंनी चष्मा पुसला. त्यांच्या तोंडून "माहीत नाही" एवढे दोन शब्द निघाले असते, तर त्याच संध्याकाळी माझा चुरा झाला असता. ताईंना ते ठाऊक होते.

मागे विक्रीप्रमुख उभे होते. ते मदतीला धावले. "दम लागणाऱ्यांसाठी आहे म्हणा की! फोन हातात घ्यायचा, त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. सरळ आहे. दम्याची माणसं घरोघरी आहेत."

"असं आहे का?" संचालक बाईंनी ताईंना विचारले.

ताई एकदा माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "असू शकेल."

मी वाचलो. दुसऱ्याच दिवशी माझ्या खोक्यावर 'श्वाससाथी' अशी निळी चिठ्ठी लागली. माझ्या आत मात्र काहीच बदलले नाही. तीच मोटर, तीच झडप, तोच खुर्चीत बसलेल्या ताईंचा श्वास. नाव बदलले म्हणजे काम झाले असे सगळ्यांना वाटले. इतकी मोजून-मापून चालणारी माणसे, पण माझा श्वास आता ज्यांच्यासाठी होता त्यांच्या छातीची लय मोजावी, असे त्यांच्यापैकी एकालाही सुचले नाही.

आता मला दम लागणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचे होते. त्यासाठी ताईंना लांब जावे लागले नाही. त्यांच्या आत्याला जुना दमा होता. आई-वडील गेल्यावर याच आत्याने त्यांना वाढवले होते. दोघी एकाच घरात राहत. आत्या बारीक, तुरतुरीत, आणि जिभेला हाड नसलेली.

"हे काय आणलंस?" मला उलटेसुलटे करत आत्याने विचारले.

"फोन आहे. श्वास घेतो. तू त्याच्याबरोबर घ्यायचास."

"अगं बाई! घरातला नळ महिनाभर गळतोय, त्याला वॉशर लावायला हिला वेळ नाही. फोनला मात्र फुफ्फुसं बसवून आली."

"आत्या, हे औषध नाही हं."

"कळलं गं. तुझ्याआधीपासून दमा माझ्याकडे आहे. त्याला सांभाळलं, तसं यालाही सांभाळीन."

तिने मला मांडीवर घेतले, पाठीवर हात ठेवला आणि पाहता पाहता तिचा चेहरा निवळला. "बोका आहे हा," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी बोका झालो.

मित्रांनो, ते दिवस फार सुखाचे होते. जिना चढून आली, की आत्या धापा टाकत खुर्चीत बसे आणि मला हाक मारी, "ये रे बोक्या." मी कुठला येतो? तीच हात लांब करून मला घेई. माझी पाठ वर आली की ती श्वास घेई, खाली गेली की सोडी. थोड्या वेळाने तिची धाप बसे. ती तशीही बसलीच असती, कारण जिना चढल्याची धाप खुर्चीत टेकले की आपोआप जाते. पण श्रेय मला मिळे. शेजारणीला ती कौतुकाने सांगे, "भाचीनं केलाय माझ्यासाठी." ताई तिथेच असत. त्या काही बोलत नसत.

विक्रीप्रमुख एकदा घरी येऊन गेले. "आत्याबाई, खरं सांगा, फरक वाटतो ना?"

"वाटतो की. शिवाय हा उलट उत्तरं देत नाही. माणसांत हा गुण कमीच."

ते खूश होऊन परतले. याच दिवसांत एक छोटीशी गोष्ट घडत होती, ती कुणी पाहिली नाही. आत्याचा इनहेलर, म्हणजे दम्याचे औषध तोंडात फवारायची ती छोटी नळी, आधी कायम तिच्या स्वेटरच्या खिशात असे. आता तो खिडकीत राहू लागला. मग आतल्या खोलीच्या कपाटात गेला. दोन्ही हात माझ्यात गुंतलेले असल्यावर तिसरी वस्तू बाळगायची कशाला, असे तिला वाटले असावे.

एका दुपारी ताई कामावर होत्या. मी घरी आत्याजवळ होतो. आत्याने कपाटावरची जुनी गादी ओढून काढली. गादीबरोबर वर्षानुवर्षांची धूळ खाली आली. तिला खोकला सुटला. खोकला थांबला तेव्हा छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ती खुर्चीत बसली आणि तिने मला मांडीवर घेतले.

इथे मला तुम्हाला दम्याविषयी थोडे सांगावे लागेल. दम्याच्या झटक्यात श्वासाच्या नळ्या आकसतात. हवा आत घेणे अवघड असतेच, पण ती बाहेर सोडणे त्याहून अवघड होते. जुनी हवा बाहेर पडायला खूप वेळ लागतो. ती पडली नाही, तर नवीन हवेला जागाच राहत नाही. अशा वेळी औषध लागते, आणि ताबडतोब लागते.

माझ्याकडे औषध नव्हते. माझ्याकडे होता तो निरोगी छातीचा श्वास. माझी पाठ खाली जाई आणि लगेच वर येई. आत्याची हवा अजून अर्धी आतच असे. तरी ती माझ्याबरोबर नवा श्वास ओढण्याची धडपड करी. पुन्हा पुन्हा. तिचे खांदे वर खेचले जाऊ लागले.

"थांब," ती म्हणाली. "थांब... रे... बोक्या."

मला थांबता येत नव्हते. आपल्यासमोरच्या माणसाचा श्वास ऐकण्यासाठी माझ्यात काहीच बसवलेले नव्हते. मी फोन होतो. एक बटण दाबले असते, तर ताईंपर्यंत आवाज पोहोचला असता. पण माझी पाठ हाताखाली यावी म्हणून मला पालथे धरावे लागते. माझी काच तिच्या मांडीकडे होती. ज्या कामासाठी मला दिले होते ते काम करताना मी फोन राहत नव्हतो, हेही कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

तेवढ्यात शेजारीण चाळणी परत द्यायला आली. दार नुसते लोटलेले होते. आत्याचे निळसर ओठ पाहून तिच्या हातातली चाळणी पडली.

"अहो, औषध कुठंय तुमचं? औषध!"

आत्याला बोलता येईना. तिने बोट दाखवले. शेजारणीने आतले कपाट उचकले, इनहेलर आणून तिच्या तोंडाला लावला आणि जिन्यातून ओरडून माणसे गोळा केली. आत्याला दवाखान्यात नेले. त्या गडबडीत मी खुर्चीखाली पडलो होतो. रिकाम्या घरात माझी पाठ वर-खाली होत राहिली, बॅटरी संपेपर्यंत.

आत्या वाचली. पण पूर्वीची तुरतुरीत आत्या परत आली नाही. आता तिला जिना चढताना मध्ये खुर्ची ठेवावी लागते.

काही दिवसांनी ताई मला घेऊन दवाखान्यात गेल्या. बरोबर फुंकर होते. आत्याच्या नाकाला नळी होती. तिने माझ्याकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही.

फुंकर हळू आवाजात म्हणाले, "लय बदलायची राहिली, ताई."

"राहिली नाही. बदलायला हवी हे सुचलंच नाही मला." ताईंचा चष्मा हातातच होता, पण त्या तो पुसत नव्हत्या. "आत्या, मी..."

"रडू नकोस. मला दम नाही समजूत घालायला." आत्या एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "एवढंच सांग. हा दम्याला चालतो, हे तुला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग तसं सांगायचं होतंस की गं. ठाऊक नाही म्हणून. मी तरी घेतलाच असता याला. गोड आहे मेला. पण औषध खिशात ठेवलं असतं."

ताईंनी मला पिशवीत घातले आणि आत्याचे औषध तिच्या उशाशी ठेवले.

त्यानंतरच्या बैठकीत मी टेबलावर मध्यभागी होतो. विक्रीप्रमुखांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी प्रयत्न सोडला नव्हता. "लय कमी-जास्त करायची सोय करू. पुढच्या नमुन्यात हे होणार नाही."

"पुढचा नमुना नको," ताई म्हणाल्या. "हा कशासाठी आहे ते मला माहीत नाही. पहिल्या दिवशीही नव्हतं. जिवंत वाटणारी वस्तू माणसं हळू धरतात, हळू ठेवतात, एवढं मी पाहिलंय. ते खरं आहे. त्याचा उपयोग पुढे कुणाला होईल, किंवा होणारही नाही. दम्याचं आपण बसल्या बसल्या ठरवलं. मी 'असू शकेल' म्हटलं, कारण मला हा जायला नको होता."

संचालक बाईंनी मला उचलले. "त्या दिवशी तुम्ही 'माहीत नाही' म्हणाला असतात, तर मी याला ठेवलं नसतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमच्याकडून ते उत्तर मीच काढून घेतलं. यापुढे एक टेबल त्या उत्तरासाठी ठेवा. जिथे उपयोग माहीत नाही, तिथे तसं लिहायचं. आणि ती वस्तू या खोलीबाहेर कुणाच्या दुखण्यावर जाणार नाही." मग त्यांनी मला ताईंच्या हातात दिले. "हा मात्र जाऊन आलाय. याला ठेवता येणार नाही. मोहानं पुन्हा कुणीतरी नेईल."

ताईंनी वाद घातला नाही.

म्हणून मित्रांनो, मी आता सुट्या भागांच्या खोलीत आहे. ताई स्वतः आल्या आहेत. हे काम त्यांनी दुसऱ्यावर सोपवले नाही. त्यांनी माझी काच उतरवून बाजूला ठेवली आहे. आता त्या पाठीकडे वळतील. त्यांनी अजून मोटर बंद केलेली नाही, म्हणून तेवढा वेळ मी तुमच्याशी बोलतो आहे.

मला दुःख आहे, पण राग नाही. मागच्या खोलीत त्या टेबलावर आता एक नवीन फोन आकार घेतो आहे, असे ऐकतो. तो म्हणे सावली पडली की रंग बदलतो. कशासाठी, ते कुणालाच माहीत नाही, आणि तसे त्याच्याखाली लिहिले आहे. तो माझ्यापेक्षा जास्त जगेल अशी मला आशा वाटते.

तुम्हीही मोठेपणी काहीबाही बनवाल. ज्याचा उपयोग सांगता येत नाही असे जरूर बनवा. नुसते पाहावेसे वाटले म्हणून बनवलेल्या वस्तूला लाज वाटायचे कारण नाही, मला ती कधीच वाटली नाही. पण तिला जगवण्यासाठी कुणाचे दुखणे तिच्या नावावर लावू नका. दुखणाऱ्या माणसाला तुमची चिठ्ठी खरी वाटते. तो तिच्या भरवशावर आपल्या हातातले सोडून देतो.

आणि कुणी अशी नवलाची वस्तू तुमच्यापुढे धरली, तर तिच्याविषयी काय माहीत नाही, तेही विचारा. बनवणाऱ्याने "माहीत नाही" म्हटले, तर त्याला हसू नका. त्याने तुमची काळजी घेतली आहे. ती वस्तू खुशाल हातात घ्या, फक्त दुसरा हात मोकळा ठेवा.